सभागृहातले दादासाहेब

निवडणूक जवळ आली की आपल्या वस्तीत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. ओट्यावर बसलेली म्हातारी माणसे विचारतात, कॉलेजात जाणारी पोरेही विचारतात. "हे आमदार-खासदार निवडून जातात आणि तिथे करतात तरी काय?" कोणी म्हणतो रस्ते करतात, कोणी म्हणतो समाजमंदिर बांधून देतात, कोणी म्हणतो लग्नाला येऊन आहेर करतात. एकजण तर आम्हाला म्हणाला, "साहेब, त्यांच्या लेटरपॅडवर सही मिळते, एवढाच त्यांचा उपयोग!" त्यात थट्टा होती, पण नुसती थट्टा नव्हती.

नाशिक जिल्ह्यातल्या बौद्ध माणसाला हा प्रश्न पडावा, याचे आम्हाला थोडे नवल वाटते. कारण या प्रश्नाचे उत्तर आपल्याच मातीतल्या एका माणसाने आयुष्यभर देऊन ठेवले आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांना आपण काळाराम मंदिर सत्याग्रहाचे सेनापती म्हणून ओळखतो. भूमिहीनांचा लढा म्हणून ओळखतो. पण ते मुंबई विधानसभेचे आमदार होते, लोकसभेत नाशिकचे खासदार होते आणि नंतर राज्यसभेतही सहा वर्षे होते, हे आपल्या घरातल्या किती मुलांना ठाऊक आहे? जयंतीच्या भाषणात या गोष्टी एका वाक्यात उरकल्या जातात. आज आम्ही त्याच एका वाक्यावर थोडे थांबणार आहोत.

पण त्याआधी वाचकांना जरा लांब न्यायचे आहे. पॅसिफिक महासागरात ग्वाम नावाचे एक बेट आहे. बेट एवढेसे, लोकवस्ती दीड लाखाच्या थोडी वर. म्हणजे आपल्या नाशिक शहराच्या एका कोपऱ्यात सगळे मावतील. १८९८ साली स्पेनकडून हे बेट अमेरिकेकडे गेले. तेथील लोक १९५० पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, त्यांची मुले अमेरिकेच्या फौजेत भरती होतात. पण बेटावर राहून त्यांना अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष निवडण्याचे मत नाही. त्यांचा एक प्रतिनिधी मात्र वॉशिंग्टनच्या प्रतिनिधीगृहात बसतो. हा हक्क त्यांना १९७३ पासून मिळाला. पहिला प्रतिनिधी अँतोनियो वॉन पॅट, मूळचा शाळामास्तर.

आता गंमत पाहा. या प्रतिनिधीला सभागृहात बसता येते, भाषण करता येते, विधेयक मांडता येते, समितीत मतही देता येते. पण विधेयक शेवटच्या मताला आले की ४३५ जण मत देतात आणि हा गप्प बसतो. त्याला मत नाही. अमेरिकन सामोआ बेटांच्या प्रतिनिधीचीही हीच गत. १९९३ साली अशा प्रतिनिधींना सर्व सभासदांच्या समितीत मत देण्याची मुभा मिळाली, पण त्यातही अट अशी की त्यांच्या मतांनी निकाल फिरत असेल तर त्यांना वगळून पुन्हा मतदान घ्यायचे. म्हणजे मत आहे, पण ते उपयोगी पडेल तेव्हा नाही!

मग असा बिनमताचा प्रतिनिधी करतो काय? ग्वामच्या लोकांचे उदाहरण सांगतो. दुसऱ्या महायुद्धात डिसेंबर १९४१ पासून जुलै १९४४ पर्यंत जपानी फौजांनी हे बेट ताब्यात ठेवले. लोकांना वेठीला धरले, छावण्यांत कोंडले, मारहाण केली, बायकांवर अत्याचार झाले, अनेकांना ठार केले. युद्ध संपल्यावर १९४५ साली भरपाईचा एक कायदा झाला, पण त्याची मुदत इतकी थोडी की घरे जळालेल्या, पांगलेल्या लोकांपैकी पुष्कळजण अर्जच करू शकले नाहीत. (सरकारी योजनेची मुदत संपल्यावर ती कळणे, हा अनुभव आपल्याला काही नवा नाही.) वॉन पॅटने या अन्यायाबद्दल विधेयक मांडले. त्याच्यानंतर आलेल्याने मांडले, त्याच्यानंतरच्यानेही मांडले. शेवटी मॅडलिन बोर्डालो या बाई प्रतिनिधी असताना डिसेंबर २०१६ मध्ये हा कायदा झाला. १९४४ ते २०१६, बहात्तर वर्षे. तोवर सोसलेली बहुतेक माणसे मातीत गेली होती. ज्या कायद्यासाठी एवढी झटापट केली, त्यालाही शेवटचे मत देण्याचा अधिकार त्या बाईंना नव्हता.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगितली. मताविना प्रतिनिधी ही कल्पना आपल्याला विचित्र वाटते, पण आपली गोष्ट तिच्या अगदी शेजारची आहे. ग्वामच्या प्रतिनिधीला त्याचीच माणसे निवडतात, पण त्याला सभागृहात मत नाही. आपल्या राखीव जागेवरच्या प्रतिनिधीला सभागृहात पूर्ण मत आहे, पण त्याला निवडतात बहुसंख्येने दुसरे लोक. एकाचा दरवाजा आत गेल्यावर बंद होतो, दुसऱ्याचा आत जाण्यापूर्वीच.

बाबासाहेबांना हे गोलमेज परिषदेच्या आधीपासून दिसत होते. ते स्वतः १९२७ पासून मुंबई कायदे कौन्सिलात बसत होते, पण गव्हर्नरने नेमलेले सभासद म्हणून. सरकारने नेमले तर बसायचे, नाही नेमले तर घरी. नेमलेल्या माणसाने सरकारविरुद्ध बोलायचे म्हणजे आपल्याच खुर्चीचा पाय कापायचा. तरी बाबासाहेब बोलले. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी महार वतनासंबंधी विधेयक मांडले. १८७४ च्या वतन कायद्याने आपल्या पूर्वजांना गावाला बांधून टाकले होते. दिवस-रात्र सरकारी आणि गावची कामे करायची, सांगावे पोचवायचे, मेलेली गुरे ओढायची, आणि बदल्यात वतनाचा एक तुकडा नि दारोदारची भाकरी. त्या विधेयकाची समितीत अशी मोडतोड झाली की १९२९ साली ते मागे घ्यावे लागले.

१९३२ साली स्वतंत्र मतदारसंघ मिळाला आणि २४ सप्टेंबरच्या पुणे कराराने गेला. जागांची संख्या ७१ वरून १४८ झाली, ही गोष्ट खरी. पण जागा आपली आणि मते सर्वांची, असा तो सौदा होता. प्राथमिक फेरीत आपल्या लोकांनी चार उमेदवार निवडायचे आणि शेवटच्या फेरीत त्यातला कोण हे सर्वांनी ठरवायचे. चारात ज्याला आपली मते सर्वांत जास्त, तोच निवडून येईल असे मुळीच नव्हते. हा मुद्दा नीट ध्यानात ठेवा, कारण दादासाहेबांच्या साऱ्या आमदारकी-खासदारकीवर त्याची सावली आहे.

आंब्याचा भाऊराव

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी झाला. वकिलीची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. विलायत तर दूरच. पण माणसे जोडण्याची, कामाचा पाठपुरावा करण्याची आणि न थकता हिंडण्याची विद्या त्यांना येत होती. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढची पाच वर्षे तो चालू ठेवण्याचा भार मुख्यतः त्यांच्या खांद्यावर होता. बाबासाहेब मुंबईत, लंडनमध्ये, दौऱ्यावर. नाशिकचा गाडा भाऊराव ओढणार. या काळात बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पुष्कळ पत्रे आज छापून उपलब्ध आहेत. ३ मार्च १९३४ च्या पत्रात बाबासाहेबांनी स्पष्ट केले आहे की मंदिरप्रवेशाचा लढा आपले लोक मूर्तिपूजक व्हावेत म्हणून नव्हता, तर त्यांच्यात चेतना यावी म्हणून होता. आता शक्ती राजकारणाकडे आणि शिक्षणाकडे वळवावी. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, आपल्याच जिल्ह्यात येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली.

१९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि १४ निवडून आणले. मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी अस्पृश्यांसाठी राखीव होत्या १५. नाशिक जिल्ह्यातून भाऊराव निवडून गेले. ज्या माणसाला सात वर्षांपूर्वी रामाच्या देवळाच्या दारात पोलीस अडवत होते, तो आता कायदे करण्याच्या सभागृहाच्या दारातून सरळ आत गेला. हे लिहिताना आमच्या अंगावर शहारे येतात, खोटे कशाला सांगा!

त्या सभागृहात चौदा माणसे काय करू शकणार होती? बहुमत काँग्रेसचे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, ते तसेच पडून राहिले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून आले. आत मूठभर आणि बाहेर हजारो, ही पद्धत दादासाहेब तेथे शिकले असावेत असे आम्हाला वाटते. सभागृहातले मत कमी पडले तर रस्त्यावरचे पाय मोजायला लावायचे. पुढे १९४१ च्या ऑगस्टमध्ये वतन जमिनीवरच्या वाढीव कराविरुद्ध आपल्या सिन्नरला परिषद भरली, बाबासाहेब आले. सरकारने वतन काढले नव्हते, उलट कर चढवला होता. आमच्या लहानपणी घरातली म्हातारी माणसे 'जुडी' हा शब्द शिवीसारखा उच्चारीत, त्याचे मूळ या करात आहे.

१९४६ साली पुणे कराराचे खरे रूप दिसले. प्राथमिक फेरीत फेडरेशनच्या उमेदवारांना आपल्या माणसांनी भरभरून मते दिली आणि अंतिम फेरीत जागा गेल्या काँग्रेसकडे. घटना समितीत जाण्यासाठी खुद्द बाबासाहेबांना बंगालमधून निवडून यावे लागले. १९५२ ला मुंबईत आणि १९५४ ला भंडाऱ्यात ते पडले. ज्याने देशाला घटना दिली, तो लोकसभेत जाऊ शकला नाही. ग्वामवाल्याला निदान निवडून यायची तरी चिंता नसते!

१९५७ : नाशिकचा खासदार

६ डिसेंबर १९५६ नंतरचे ते दिवस ज्यांनी पाहिले, त्यातली थोडीच माणसे आज हयात आहेत. बाप गेलेल्या घरासारखी सारी वस्ती झाली होती, असे ती सांगतात. आणि लगेच दोन-तीन महिन्यांत निवडणूक आली. संयुक्त महाराष्ट्राचे वारे होते. फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील झालेले होते. नाशिकमधून दादासाहेब उभे राहिले आणि निवडून आले. देशभरात फेडरेशनचे सहाजण त्या वेळी लोकसभेत पोचले.

म्हणजे या वेळी इतरांची मतेही पडली. शेतकऱ्याची पडली, गिरणी कामगाराची पडली, समाजवादी-कम्युनिस्टांची पडली. कारण प्रश्न मराठी माणसाचा होता आणि दादासाहेब तो मनापासून मांडत होते. काहीजण म्हणतात, ती लाट होती, त्यात कोणीही तरला असता. आम्हाला हे पटत नाही. लाटेत लाकूडही तरंगते, पण लाकूड दिल्लीत जाऊन भूमिहीनांचा प्रश्न विचारीत नाही.

दिल्लीत त्यांच्यासमोर दोन मोठी कामे होती. दोन्ही कामे अशी की त्यांचे फळ त्यांच्या हयातीत पूर्ण मिळाले नाही.

पहिले काम सवलतींचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण बौद्ध झालो आणि कागदोपत्री अनुसूचित जातीतून बाहेर पडलो. अनुसूचित जातींच्या आदेशात फक्त हिंदूंना, आणि १९५६ च्या दुरुस्तीनंतर शिखांना जागा होती. गावच्या पाटलाने धर्म बदलला म्हणून वागणूक बदलली नाही, विहीर बंदच राहिली, पण शिष्यवृत्ती मात्र बंद झाली. पोराने शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध' लिहावे की फीमाफीसाठी जुनी जात लिहावी, असा पेच घराघरात होता. काहींनी पोटासाठी जुने लिहिले. त्यांना नावे ठेवण्याआधी त्यांच्या चुलीकडे पाहावे. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० ला झाले आणि यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्यापुरत्या सवलती नवबौद्धांना दिल्या. केंद्राच्या नोकऱ्या, रेल्वे, पोस्ट, आपल्या नाशिकरोडचे छापखाने, येथे मात्र दार बंद. तो कायदा १९९० साली बदलला. तेव्हा दादासाहेब जाऊन १९ वर्षे झाली होती.

दुसरे काम जमिनीचे. आणि या कामात दादासाहेब खरे दादासाहेब दिसतात.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी सातबारा आहे त्यांनी तो काढून पाहावा. बऱ्याच जणांच्या सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे असेल. ही महार वतनाची जमीन. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये जे विधेयक मांडले, त्याला तीस वर्षे झाल्यावर १९५८ साली कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करण्याचा कायदा झाला आणि १९५९ मध्ये अमलात आला. वेठबिगार गेली आणि जमीन सारा भरून आपल्या नावावर आली. पण जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येणार नाही, या अटीवर. ही अट आपल्या रक्षणासाठी होती. तिच्यामुळे पुष्कळ जमिनी वाचल्या, आणि तिला वळसा घालून पुष्कळ गेल्याही. शहराच्या कडेच्या वतन जमिनींवर आज कोणाचे बंगले उभे आहेत, हे पाथर्डी फाट्यापासून आडगावपर्यंत जुन्या माणसांना विचारा.

पण वतन तरी किती घरांना? आणि भाऊबंदकीत वाटणी होऊन वाट्याला किती गुंठे? बाकीचे सगळे भूमिहीन. १९४८ चा कूळ कायदा आला, १ एप्रिल १९५७ ला 'कृषक दिन' आला, कसेल त्याची जमीन झाली. फार चांगली गोष्ट झाली. पण ती झाली कुळाची. आपला माणूस कूळही नव्हता, तो कुळाच्या शेतावरचा मजूर होता. त्याचे नाव कोणत्याही रकान्यात नव्हते. कायदा नाव पाहतो, राबणारे हात पाहत नाही. आम्ही आयुष्यभर कारकुनी केली आहे. रकान्यात नाव नसणे म्हणजे काय, हे आम्हाला कोणी सांगायला नको.

दादासाहेबांनी नेमका हा माणूस उचलला. त्यांचे म्हणणे साधे होते. सरकारजवळ पडीक जमीन आहे, जंगलखात्याची उजाड जमीन आहे, गायरान आहे. ती भूमिहीनाला द्या. तो कोणत्याही जातीचा असो. १९५९ साली खासदार असतानाच त्यांनी महाराष्ट्रात भूमिहीनांचा सत्याग्रह केला. खानदेशात, मराठवाड्यात, आपल्या भागात हजारो माणसे तुरुंगात गेली. लोकसभेचा सभासद तुरुंगात जाण्याची तयारी ठेवून लोकांपुढे चालतो, हे दृश्य आज कल्पनेत तरी येते का?

यावरून पक्षात फूट पडली, हेही लिहिले पाहिजे. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोन वर्षांत दुरुस्त-नादुरुस्त असे गट झाले. बी. सी. कांबळे आणि त्यांच्या मताच्या शिकलेल्या मंडळींना वाटे की घटनेने मार्ग दिला असताना सत्याग्रह कशाला, आणि डाव्यांशी जवळीक कशाला. लोक म्हणत पँटवाले एकीकडे आणि धोतरवाले एकीकडे. आमच्या मते दोन्ही बाजूंना काही सांगायचे होते. कायदा वाचता येणारा माणूस पक्षाला हवाच होता. पण कायद्यात ज्याचे नावच नाही त्याच्यासाठी कायद्याची पाने कितीही उलटली तरी काय सापडणार? आमचा कल धोतरवाल्यांकडे आहे, आम्ही लपवीत नाही. फुटीचे नुकसान मात्र दोघांनी मिळून केले.

१९६२ साली समिती विस्कटलेली होती. नाशिकची जागा पुन्हा काँग्रेसकडे गेली. दादासाहेब राज्यसभेत गेले आणि १९६८ पर्यंत तेथे राहिले. ज्येष्ठांचे सभागृह म्हणून कोणी तेथे विसावा घेतो. यांनी तेथून देशातला सर्वांत मोठा भूमिहीन सत्याग्रह उभा केला.

दहा मागण्या

ऑक्टोबर १९६४ मध्ये दिल्लीत संसदेवर मोर्चा नेऊन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांचे निवेदन देण्यात आले. मागण्या दहा होत्या. मुलांनी त्या पाठ कराव्यात असे आम्हाला वाटते, म्हणून थोडक्यात देतो. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा. कसणाऱ्याला जमीन द्या. पडीक जमीन भूमिहीनांना वाटा. धान्याचे वाटप नीट करा आणि भाव आवरा. झोपडपट्ट्यांची स्थिती सुधारा. किमान वेतनाचा १९४८ चा कायदा अमलात आणा. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती द्या. दलितांचा छळ थांबवा. अस्पृश्यता गुन्हे कायद्याखाली पुरा न्याय द्या. नोकऱ्यांतील राखीव जागा १९७० पर्यंत भरा.

वाचकांनी एक गोष्ट पाहावी. या दहांत धान्याचा भाव आहे, झोपडपट्टी आहे, मजुरी आहे. आपल्यापुरतेच मागणारा माणूस ही यादी करीत नाही. सवलतींची मागणी सातवी आहे, जमीन आणि धान्य तिच्या आधी.

६ डिसेंबर १९६४, बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. त्या दिवशी देशभर सत्याग्रह सुरू झाला. उत्तर प्रदेशात, पंजाबात, महाराष्ट्रात, दक्षिणेत लाखो माणसे अटक झाली. तुरुंग पुरले नाहीत. आयाबाया कडेवरच्या पोरांसह आत गेल्या. आपल्या नाशिकच्या शांताबाई दाणी या लढ्यात पुढे होत्या. शांताबाईंना समाजकार्यात ओढले ते दादासाहेबांनीच. पुढे १९६८ ते १९७४ त्या स्वतः विधान परिषदेत आमदार होत्या, आणि नाशिकला मुलींची शाळा नि वसतिगृह यासाठी त्यांनी जन्म घालवला. आमच्या भगिनी वाचकांना आम्ही सांगू इच्छितो की 'आमदार म्हणजे पुरुष' ही समजूत आपल्या शहरात पन्नास वर्षांपूर्वीच मोडली आहे. तिला पुन्हा जोडू नका.

१९६५ च्या सुरुवातीला सरकारने बोलणी केली, काही मागण्या मान्य केल्या आणि सत्याग्रह मागे घेण्यात आला. काय मिळाले? महाराष्ट्रात हळूहळू सरकारी पडीक जमिनी वाटल्या गेल्या. कमाल जमीनधारणेचा १९६१ चा कायदा होता, त्याखालची काही जमीन आली. १९७८ मध्ये, आणि मग २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने, १४ एप्रिल १९९० पूर्वी गायरानावर कसत असलेल्या मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे कायम करण्याचे ठरले. ती तारीख पाहा, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा पहिला दिवस. आणि त्याच्या दोन दिवस आधी, १२ एप्रिल १९९० रोजी, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लागले. पहिली मागणी, सव्वीस वर्षांनी. सातवी मागणीही त्याच वर्षी.

दादासाहेबांना १९६८ साली पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी ते गेले.

कागद सांभाळा

आमदार-खासदाराचे काम काय, या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आपल्याकडे आहे. कायदा वर होतो, पण तो गावात उतरतो कागदावरून. काही वर्षांपूर्वी आम्ही एका मावशींबरोबर तालुक्याच्या एका कचेरीत गेलो होतो. चाळीस वर्षे गायरानाचा तुकडा कसत होत्या. साहेबांनी विचारले, पुरावा काय? मावशींनी हात पुढे केले. हाताला घट्टे होते. साहेब वाईट नव्हते, पण फाईलला घट्टे लावता येत नाहीत. शेवटी पत्र्याच्या पेटीत तळाशी दोन जुन्या दंडाच्या पावत्या सापडल्या. अतिक्रमण केले म्हणून तलाठ्याने केलेला दंड! ज्या पावत्यांची लाज वाटून त्या लपवून ठेवल्या होत्या, त्यांनीच काम झाले.

म्हणून सांगतो. गाव नमुना १-ई ही अतिक्रमणाची नोंदवही असते, तिची नक्कल मागा. दंडाची पावती, पीक पाहणी, जे असेल ते जपा. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गायराने मोकळी करण्याचा आदेश दिला, पण सरकारी निर्णयाने भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनीला त्यात अपवाद ठेवला. नोटीस आली की पुढाऱ्याकडे नुसते रडत जाऊ नका, हे कागद घेऊन जा. म्हणजे त्यालाही सभागृहात बोलायला हत्यार मिळते. दादासाहेबांच्या हातात अशी माहिती असे, कारण गावोगावची माणसे ती त्यांना आणून देत.

त्यांच्या नावाने एक योजना आजही आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना, २००४ सालापासूनची. अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजातील दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन. विधवा आणि परित्यक्ता भगिनींना प्राधान्य. आरंभी निम्मे अनुदान आणि निम्मे कर्ज होते. २०१८ पासून सर्व रक्कम अनुदान झाली. अर्ज समाजकल्याणच्या सहाय्यक आयुक्तांकडे करायचा असतो. योजना चांगली आहे. अडचण एकच की सरकार जमीन विकत घेऊन देते, आणि विकणारा मिळावा लागतो. २०१८ च्या निर्णयात दराची मर्यादा जिरायतीला एकरी ५ लाख आणि बागायतीला ८ लाख ठेवली. दिंडोरी, निफाड या द्राक्षाच्या पट्ट्यात त्या भावात रस्त्याकडेची जमीन कोण देणार? ज्या आंबे गावात दादासाहेब जन्मले, त्या तालुक्यात त्यांच्याच नावाच्या योजनेखाली किती भूमिहीन कुटुंबांना जमीन मिळाली, हा प्रश्न विधानसभेत लेखी विचारता येतो, आणि मंत्र्याला त्याचे उत्तर आकड्यांत द्यावे लागते. पुढच्या वेळी पांढरी गाडी वस्तीत आली की समाजमंदिराच्या फरशीआधी आपण हा प्रश्न त्यांच्या हातात द्यावा, शक्यतो टाईप करून, दोन प्रतींत, आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी.